थेंबाथेंबाचा इंजिनीअर

टर्बो म्हटलं की आपल्याला आठवतो तो पिकअप, ती बारीक शिट्टी आणि डिकीवरचा चकचकीत बॅज. गॅरेजमध्ये मात्र 'टर्बो गेला' म्हणून गाडी येते तेव्हा बऱ्याचदा भानगड तेलाची निघते. एक्झॉस्टच्या तापलेल्या वायूवर फिरणारा टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगात धातू धातूला लागला तर खेळ काही सेकंदांत खलास. म्हणून साध्या बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे तेल इंजिनच्याच ऑइल पंपाकडून दाबाने येतं. दाब कमी पडला की बेअरिंग खरवडलं जातं. जास्त झाला की तेल सील ओलांडतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू होतो. बॉल बेअरिंगच्या टर्बोला तेल कमी लागतं, म्हणून त्याच्या वाटेत बऱ्याचदा जेमतेम 1 मिलिमीटरचं भोक असलेला रिस्ट्रिक्टर बसवतात. एवढ्याशा भोकावर हजारो रुपयांच्या टर्बोचं आयुष्य टांगलेलं!

तेल किती द्यायचं, कधी द्यायचं आणि समोरून दाब येत असताना ते आत कसं पोचवायचं, हा प्रश्न टर्बोपेक्षा जुना आहे. टर्बोचं मूळ पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीचं, 1905 सालचं. त्याच्या 33 वर्षं आधी, 1872 मध्ये, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या एका रेल्वे कामगाराने याच प्रश्नावरचं स्वतःचं पहिलं पेटंट मिळवलं होतं. त्याचं नाव एलायजा मॅकॉय. इंग्रजी सिनेमे बघणाऱ्यांच्या कानावरून हे आडनाव गेलेलं असेल. अस्सल, बावनकशी चीज असेल तर तिकडे तिला 'द रिअल मॅकॉय' म्हणतात. त्या शब्दप्रयोगाची गंमत पुढे सांगतोच, आधी माणूस बघू.

एलायजाचे आईवडील, जॉर्ज आणि मिल्ड्रेड, केंटकी राज्यात गुलाम होते. तिथून पळून ते कॅनडात पोचले. पळून जाण्याच्या त्या गुप्त वाटांना अंडरग्राउंड रेलरोड म्हणत. नावात रेल्वे होती, पण रूळ नव्हते आणि डबेही नव्हते. रात्री चालायचं, दिवसा कुणाच्या तरी माळ्यावर नाहीतर कोठारात दडून राहायचं. आसरा देणारं घर म्हणजे स्टेशन आणि वाट दाखवणारा तो कंडक्टर, अशी सगळी सांकेतिक भाषा. कॅनडा तेव्हा ब्रिटिश अमलाखाली होता आणि तिथे 1834 मध्येच गुलामी कायद्याने संपली होती. आजच्या ऑन्टारिओतल्या कोल्चेस्टर भागात हे कुटुंब शेतीवर स्थिरावलं. तिथेच 1844 च्या सुमारास एलायजा जन्मला. घरात बारा भावंडं.

पोराला हातात येईल ते उघडून परत जोडून बघायचा नाद होता, असं सांगतात. आपल्याकडे असा नाद असलेल्या पोराला रेडिओ बिघडवला म्हणून धपाटा मिळतो. या घराने त्याला पंधराव्या वर्षी अटलांटिक समुद्रापार, स्कॉटलंडमधल्या एडिंबराला धाडलं. तिथे त्याने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची उमेदवारी केली, म्हणजे वर्कशॉपमध्ये उस्तादाच्या हाताखाली राहून रीतसर शिक्षण घेतलं. त्या काळच्या अमेरिकेत काळ्या मुलाला अशी संधी कोण देणार होतं? जे आईबाप स्वतः कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीतला एक आकडा होते, त्यांनी मुलाला शिकायला परदेशी पाठवावं, ही मला तरी या सगळ्या कहाणीतली सर्वांत मोठी झेप वाटते. पेटंटं त्यानंतरची.

शिक्षण संपवून तो परत आला तोवर कुटुंब मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावी राहत होतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं. 1865 मध्ये घटनादुरुस्ती होऊन देशभरातली गुलामी रद्द झाली होती. या घटनेचे पडसाद पार पुण्यापर्यंत उमटले होते. महात्मा जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांनाच अर्पण केलं. कायदा तर झाला होता. पण हातात एडिंबराचं शिक्षण असलेला काळा इंजिनीअर नोकरी मागायला आला की काय होतं, ते एलायजाला मिशिगन सेंट्रल रेलरोडच्या दारात कळलं. इंजिनीअरची जागा त्याला मिळाली नाही. मिळालं ते फायरमनचं काम, म्हणजे भट्टीत फावड्याने कोळसा टाकणं. जोडीला इंजिनला तेल पाजणं.

आता हे तेल पाजणं म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण इथेच खरी गोष्ट आहे.

वाफेच्या इंजिनात दोन तऱ्हेच्या जागांना वंगण लागतं. एक म्हणजे बाहेरचे सांधे, चाकांचे आस, दांडे वगैरे. तिथे गाडी थांबवून बुधलीने तेल सोडलं की भागतं. वेळखाऊ काम, पण सोपं. दुसरी जागा म्हणजे सिलिंडरचं पोट. आत दट्ट्या पुढेमागे धावतोय, वाफ आत घेणारी झडप घासतेय, आणि हे सगळं बॉयलरच्या दाबाखाली. बाहेरून तेलाची कुपी बसवून नुसता कॉक उघडला तर तेल आत जात नाही. आतली वाफच उसळून बाहेर येते आणि उघडणाऱ्याचा हात भाजते. म्हणून जुन्या काळी फायरमन उताराची वाट बघायचा. उतारावर ड्रायव्हर वाफ बंद करायचा, सिलिंडरमधला दाब पडायचा, आणि तेवढ्यात फायरमनने चालत्या इंजिनच्या कडेच्या फळीवरून पुढे जाऊन कपात वितळलेली चरबी ओतायची. दट्ट्या ती आत ओढून घ्यायचा. पाऊस असो, बर्फ असो. मिशिगनचा हिवाळा काय चीज आहे ते तिथे शिकायला गेलेल्या आपल्या मित्रांना विचारा.

यातला विनोद असा, की वंगणाची गरज सर्वांत जास्त कधी? चढावर, पूर्ण वाफ सोडलेली असताना. आणि वंगण देता यायचं कधी? उतारावर, वाफ बंद असताना. म्हणजे तहान लागलेली असताना पाणी नाही आणि पाणी येतं ते पोट भरल्यावर. एकदम ओतलेलं तेल थोड्याच वेळात वाफेबरोबर धुराड्यातून निघून जायचं, आणि पुढच्या उतारापर्यंत दट्ट्या कोरडा घासत राहायचा.

फावडं मारता मारता एलायजाने यावर काम केलं, आणि जुलै 1872 मध्ये त्याला अमेरिकन पेटंट क्रमांक 129843 मिळालं. नाव अगदी साधं, वाफेच्या इंजिनांसाठी तेल देणाऱ्या साधनात सुधारणा. कल्पना अशी, की तेलाच्या कपाच्या तळाशी झडप, झडपेला दांडी आणि दांडीला छोटा दट्ट्या. इंजिनमधल्या वाफेचा दाब त्या दट्ट्याला ढकलणार, दांडी सरकणार, झडप उघडणार आणि तेल आत जाणार. वाफ चालू तर तेल चालू. जो दाब आजवर तेलाला अडवत होता, त्यालाच एलायजाने राखणदारीला बसवलं. माणसाला फळीवर जायची गरज नाही, उताराची वाट बघायची गरज नाही.

याच वर्षी त्याची पहिली पत्नी अ‍ॅन वारली. लग्नाला चारच वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी त्याने मेरी डिलेनीशी लग्न केलं. मेरीचा जन्मही त्याच अंडरग्राउंड रेलरोडच्या एका स्टेशनात, म्हणजे पळालेल्यांना आसरा देणाऱ्या घरात झाला होता. पुढे डेट्रॉइटमध्ये काळ्या वृद्ध स्त्रियांसाठी फिलिस व्हीटली होम नावाचा आश्रम उभा राहिला, त्याच्या संस्थापकांत मेरी होती. एलायजावरच्या लेखांत तिला सहसा अर्धी ओळ मिळते. इथे निदान तीन-चार तरी.

आता एक खबरदारी. एलायजा मॅकॉयने इंजिनाला आपोआप तेल देण्याचा शोध लावला, जगात त्याआधी असं काही नव्हतं, अशा पोस्ट तुम्हाला इन्स्टावर दिसतील. ते खरं नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनीअरने 1860 मध्येच सिलिंडरला तेल देणारं साधन काढलं होतं, आणि एलायजाच्या काळात अमेरिकेतही बरेच जण याच प्रश्नावर झटत होते. अशी बढाई मारल्याने एलायजाचं काही भलं होत नाही. उलट कुणी तारखा तपासल्या की पुढचं सगळंच त्याला खोटं वाटायला लागतं. एलायजाचं मोठेपण वेगळं आहे. इतर लोक या प्रश्नावर आले आणि पुढे गेले. तो जवळजवळ पन्नास वर्षं तिथेच ठाण मांडून बसला. त्याच्या नावावर 57 पेटंटं धरली जातात, त्यांतली बहुतेक सगळी वंगणाची. मध्येच इस्त्रीचं घडीचं टेबल आणि हिरवळीवर पाणी उडवणारा फवारा असे दोन-तीन घरगुती उद्योगही आहेत.

त्या पन्नास वर्षांत वंगणाचं यंत्र कुठून कुठे गेलं ते बघण्यासारखं आहे. पुढच्या पिढीतली साधनं वाफेला थंड करून तिचं पाणी करत. पाणी तेलापेक्षा जड, ते भांड्याच्या तळाशी बसतं. वरून आणखी पाणी येत राहतं, तसतसं तेल वर उचललं जातं आणि एका काचेच्या नळीतून थेंब थेंब सिलिंडरकडे निघतं. दोन्ही बाजूंना वाफेचा दाब सारखाच, त्यामुळे एकाचा दुसऱ्याशी झगडा नाही. तेलाला पुढे ढकलतं ते फक्त पाण्याच्या उंच स्तंभाचं वजन. जराशी टोपी फिरवली की मिनिटाला किती थेंब ते ठरवता येतं, आणि ड्रायव्हरला ते जागेवरून दिसतं. एकही फिरता भाग नाही, पंप नाही. थर्मोडायनॅमिक्सचा कंटाळा आलेल्यांनी हे चित्र एकदा कागदावर काढून पाहावं.

इथे क्षणभर टर्बोकडे परत येऊ. तेल टर्बोत जातं पंपाच्या दाबाने, पण बाहेर पडतं फक्त स्वतःच्या वजनाने, खाली उताराच्या पाइपातून. शाफ्टने घुसळून त्याचा फेस झालेला असतो, म्हणून जायचा पाइप बारीक आणि यायचा चांगला जाड ठेवतात. आता समजा इंजिनचा ब्रीदर चोंदला. मग खालच्या क्रँककेसमध्ये हवेचा दाब वाढतो, तेलाला खाली उतरता येत नाही, ते टर्बोत तुंबतं आणि सीलमधून बाहेर पडतं. गाडी ऑइल खाते म्हणून मालक ओरडतो, नवा टर्बो बसतो, महिन्याभरात तोही धूर मारतो. आत जाणाऱ्या तेलाचा दाब सगळे मोजतात, समोरून येणारा दाब कुणी बघत नाही. एलायजाच्या वेळच्या फायरमनला हे सांगावं लागलं नसतं. त्याचा हात भाजलेला होता.

बेअरिंगमधल्या तेलाची गंमत त्याच सुमारास इंग्लंडमध्येही उलगडत होती. 1883 च्या आसपास बोशँप टॉवर नावाचा इंजिनीअर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरच्या बाजूला तेलासाठी पाडलेल्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेरच यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी मारली, तीही हळूहळू बाहेर आली. फिरणारा शाफ्ट स्वतःच तेल ओढून एवढा दाब तयार करत होता, की त्यावर अख्खा भार तरंगत होता. 1886 मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. हो, तोच रेनॉल्ड्स नंबरवाला, ज्याने फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात आपला छळ मांडलाय. टर्बोचा शाफ्ट आजही त्याच गणितावर तरंगतो.

एलायजाचा आणि पैशाचा संबंध मात्र नेहमी तंगीचाच राहिला. यंत्र सुचणं एक, ते बनवायला भट्टी, साचे, भांडवल लागतं ते दुसरं. काळ्या माणसाला कर्ज कोण देणार? म्हणून तो पेटंटाचे हक्क नाहीतर हक्कातला वाटा इतरांना देऊन पैसा उभा करायचा आणि त्यातून पुढच्या सुधारणेवर काम करायचा. परिणाम असा झाला, की त्याची साधनं रेल्वे इंजिनांवर, बोटींवर, कारखान्यांत पोचली, पण त्यांतल्या बऱ्याचशांवर त्याचं नाव नव्हतं. कुणी विकत घेतलेल्या वस्तूवरची पाटी वाचून शोधकाचा अंदाज बांधला असता, तर त्यात एलायजा कुठे दिसलाच नसता. 1882 च्या सुमारास तो डेट्रॉइटला गेला आणि कारखान्यांचा सल्लागार म्हणून काम करू लागला. काळ्या समाजात त्याचं नाव मोठं होतं. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1909 मध्ये आपल्या पुस्तकात त्याची दखल घेतली. रेल्वेच्या आराम डब्यातून बाहेर बघणाऱ्या प्रवाशाला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

त्याचं सर्वांत अवघड काम सत्तरीतलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे इंजिनांत सुपरहीटर आले. वाफ आणखी तापवायची, म्हणजे तेवढ्याच कोळशात जास्त काम. पण त्या तापमानाला तेल जळायला लागलं, त्याचं कार्बन होऊन झडपेला चिकटायला लागलं. उपाय म्हणजे तेलात ग्रॅफाइटची पूड मिसळणं. पेन्सिलच्या शिशातलं तेच ग्रॅफाइट, घसरडं आणि उष्णतेला दाद न देणारं. पण पूड ती पूड. तळाशी बसायची, बारीक वाटा तुंबवायची. तेलाला दाबाचा हिशेब कळतो, पुडीला कळत नाही. एलायजाने तुंबणार नाही अशी रचना बसवली आणि 1915 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. स्वतः त्याला आपल्या कामात हे सर्वांत वरचं वाटायचं, असं त्याचे चरित्रकार सांगतात. वंगणाच्या तंत्राचा विद्यार्थी म्हणून विचाराल, तर मलाही 1872 पेक्षा हेच जास्त आवडतं. पहिलं तरुणाने सोडवलेलं कोडं होतं. हे म्हाताऱ्याने पुन्हा शून्यापासून विचार करून सोडवलेलं.

आणि मग 1920 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्याने डेट्रॉइटमध्ये एलायजा मॅकॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या यंत्रांवर त्याच्या नावाची कंपनी आली. सुख फार टिकलं नाही. 1922 मध्ये मोटार अपघात झाला. मेरी त्या दुखापतीतून वाचली नाही, आणि एलायजाही पुढे पूर्वीसारखा राहिला नाही. तब्येत ढासळली, पैसा संपला, मनही थकलं. शेवटचे दिवस त्याने डेट्रॉइटजवळच्या एलोइझ इन्फर्मरी या सार्वजनिक रुग्णालयात काढले. तिथेच 10 ऑक्टोबर 1929 रोजी तो गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकेला बोलायला दुसरे विषय मिळाले.

राहिला तो शब्दप्रयोग. गोष्ट अशी सांगतात, की नकली तेलसाधनांचा सुळसुळाट झाला, तेव्हा रेल्वेवाले विचारून घ्यायचे, माल अस्सल मॅकॉयचाच आहे ना? गोष्ट गोड आहे, पण त्या काळातला तसा लेखी पुरावा काही सापडलेला नाही. उलट स्कॉटलंडमध्ये 'रिअल मॅकाय' असा प्रयोग 1856 मध्येच छापलेला आढळतो, तेव्हा एलायजा अजून शाळकरी पोर होता. किड मॅकॉय नावाच्या एका मुष्टियोद्ध्याचेही या शब्दावर दावेदार आहेत. आणि विचार करा, ज्याच्या साधनांवर त्याचं नावच नसायचं, त्याच्या नावाने माल मागणार कोण आणि कसा?

नाव त्याला मिळालं ते बरंच उशिरा. 2001 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. 2012 मध्ये अमेरिकन पेटंट कार्यालयाने राजधानीच्या परिसराबाहेर आपली पहिली प्रादेशिक शाखा उघडली, ती डेट्रॉइटमध्ये, जिथे त्याने आपले बरेचसे अर्ज भरले असतील. दारावरची पाटी एलायजा जे. मॅकॉय यांच्या नावाची आहे.